ताठरतेचा त्रास आणि ऑनलाइन उपचार : ठाणे-नवी मुंबईकरांनो, अनुभव सांगा

खाडीकाठ

कळव्याहून मुंब्र्याकडे जाताना रुळांच्या कडेच्या भिंती वाचल्या नाहीत असा लोकलचा प्रवासी सापडायचा नाही. 'गुप्तरोग', 'मर्दानी कमजोरी', खाली मोबाइल नंबर. वीस वर्षं मी त्या वाचत आलो आणि हा त्रास दुसऱ्या कुणाचा तरी असतो असंच समजत आलो. ४६व्या वर्षी तो माझा झाला.

आधी कामाच्या थकव्यावर ढकललं, मग घोडबंदरच्या ट्रॅफिकवर. मग मी मुद्दाम उशिरा झोपायला लागलो, म्हणजे बायको तोवर झोपलेली असेल. नौपाड्यातल्या एका दवाखान्यात गेलो, तर काउंटरवरच्या बाईंनी सगळ्यांदेखत विचारलं, "काय होतंय?" मी "पाठ दुखते" म्हणालो आणि पाठीच्या गोळ्या घेऊन घरी आलो. पाच महिने असेच गेले.

शेवटी एका रात्री साडेनऊला सोसायटीच्या पार्किंगमध्ये, गाडीच्या काचा वर करून, व्हिडिओवर डॉक्टरांशी बोललो. मी 'तो प्रॉब्लेम' म्हणत होतो. त्यांनी सरळ विचारलं, "ताठरता येतच नाही, की येते पण टिकत नाही? सकाळी उठताना असते का?" पाच मिनिटांत माझ्याही तोंडून तेच शब्द यायला लागले. आयआयईएफ-५ नावाची पाच प्रश्नांची प्रश्नावली भरून घेतली. २५पैकी २१ किंवा कमी आले तर त्रास आहे असं धरतात, माझे १३ आले.

मला वाटलं, आता गोळी लिहून देतील. त्यांनी विचारलं भलतंच. जिना चढताना धाप लागते का? छातीत भरून येतं का? घरात कुणाला शुगर? रात्री लघवीला किती वेळा उठता? मी तीनदा उठत होतो आणि ते वयाचं समजत होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला लॅबचा मुलगा घरी येऊन रक्त घेऊन गेला. एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी, ८.४ आलं. शुगर होती, कधीपासून ते कोण जाणे.

पुढच्या कॉलला डॉक्टरांनी एका कागदावर पेनाने दोन नळ्या काढून कॅमेऱ्यासमोर धरल्या, एक बारीक, एक जाड. लिंगाच्या रक्तवाहिन्या एक-दोन मिलिमीटरच्या, हृदयाच्या तीन-चार. चरबी दोन्हीकडे साचते, पण बारीक नळी आधी तुंबते. म्हणून हृदयाचा त्रास व्हायच्या दोन-तीन वर्षं आधीच पुष्कळांना हे लक्षण दिसतं. ईसीजी आणि टीएमटी (पट्ट्यावर चालवून हृदय तपासतात ती स्ट्रेस टेस्ट) बघितल्यावरच त्यांनी टॅडालफिल ही ताठरतेची गोळी सुरू केली, सोबत शुगरची औषधं. आज सात महिने झाले. बरं चाललंय. पण मला जास्त मोलाचं वाटतं ते हे की त्या रात्री कुणीतरी माझ्या छातीबद्दल विचारलं.

र. धों. कर्वे १९२७पासून आपल्या मासिकात वाचकांच्या अशा पत्रांना उत्तरं देत होते. शंभर वर्षं होत आली आणि आपण अजून "पाठ दुखते" म्हणतो, याचं मला खरंच वाईट वाटतं. म्हणून हा धागा. डॉक्टरांची, ॲपची नावं नकोत. कुणी कुणाला डोस सांगू नये. बाकी मोकळेपणाने लिहा. बायकांनीही लिहावं, त्रास दोघांचा असतो.

निनावी (ऐरोली)

वय ३१, लग्नाला दीड वर्ष. खाडीकाठ दादा, तुम्ही गाडीत बसलात, मी गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे. वन बीएचकेमध्ये आईबाबा हॉलमध्ये असतात, दुसरी जागाच नव्हती. कंपनीची नाइट शिफ्ट, म्हणून कॉल दुपारी तीनला. टाकी भरायचा आवाज मध्येच इतका व्हायचा की प्रत्येक वाक्य दोनदा बोलावं लागे.

त्याआधी मित्राकडून आणून एक गोळी घेतली होती. काम झालं, पण दुसऱ्या वेळी ती नव्हती तर भीती दुप्पट. डॉक्टरांनी विचारलं, सकाळी असते का? असते. एकटा असताना? असते. फक्त बायकोजवळ असताना येत नाही, म्हणजे नसा आणि रक्तपुरवठा बहुतेक ठीक आहे, असं ते म्हणाले. भीतीने अंगात अ‍ॅड्रेनलिन वाढतं, ते रक्तवाहिन्या आवळतं आणि मग जे व्हायला नको तेच होतं. गोळी न देता त्यांनी समुपदेशक मॅडमकडे पाठवलं. दुसऱ्या सेशनला बायकोही होती. आम्हाला काही आठवडे संभोग करायचाच नाही असं सांगितलं. फक्त जवळ झोपायचं, पाठ, हात, केस, आणि काय आवडतं ते एकमेकांना सांगायचं. परीक्षाच रद्द केली म्हटल्यावर नापास व्हायची भीती उरली नाही. अडीच महिने लागले. अजूनही एखादी रात्र बिघडते, पण आता तिला कळतं की तो दोष तिचा नाही. ती इतके दिवस तेच समजून रडत होती आणि मला पत्ता नव्हता.

अबोली

मी सानपाड्याला राहते. वय ५२. ह्यांची तीन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली. मागच्या श्रावणात घरी खाकी खोका आला, वर कशाचंच नाव नाही. मला वाटलं मुलाचा चार्जर असेल, म्हणून उघडला. आत सिल्डेनाफिलच्या, म्हणजे ताठरतेच्याच गोळ्यांच्या, दोन स्ट्रिप. ह्यांनी एका ॲपवर फॉर्म भरला होता, 'हृदयविकार आहे का' या प्रश्नापुढे 'नाही'वर टिक करून. कुणी फोन केला नाही, तोंड बघितलं नाही, गोळ्या घरपोच.

आणि आमच्या देवघराच्या खालच्या खणात सॉर्बिट्रेट असते, छातीत दुखलं तर जिभेखाली ठेवायला. या दोन गोळ्या एकत्र गेल्या तर बीपी एकदम कोसळतं, जीवसुद्धा जाऊ शकतो, हे मला आमच्या कार्डिओलॉजिस्टनी अँजिओप्लास्टीनंतरच सांगितलं होतं. ह्यांनी ऐकलं नव्हतं की ऐकून सोडून दिलं होतं, देव जाणे. खोका हातात धरून मी हॉलच्या मधोमध उभी राहिले आणि ओरडले. दोन दिवस बोलणं बंद.

मग डॉक्टरांना फोन केला. ते रागावले नाहीत. सिल्डेनाफिल घेतल्यावर निदान २४ तास आणि टॅडालफिल घेतल्यावर निदान ४८ तास नायट्रेट, म्हणजे सॉर्बिट्रेटसारखी गोळी, चालत नाही. दुखलंच तर हॉस्पिटलमध्ये पोचल्या पोचल्या कुठली गोळी किती वाजता घेतली ते आधी सांगायचं, लाजायचं नाही. आणि म्हणाले, दार बंद झालेलं नाही. स्ट्रेस टेस्ट बघू, मग ठरवू.

औषधवाला

कोपरखैरण्यात माझं मेडिकल आहे. ही औषधं चिठ्ठीवरचीच आहेत, पण संध्याकाळी गर्दी ओसरली की लोक बाजूला येऊन हळूच "ती निळी" म्हणतात. चिठ्ठी नसेल तर मी देत नाही, मग ते पुढच्या दुकानात जातात. ऑनलाइन कन्सल्टेशनची चिठ्ठी घेऊन येणारे वाढलेत याचा मला आनंद आहे. फक्त चिठ्ठीवर डॉक्टरांचा रजिस्ट्रेशन नंबर आणि सही बघा.

मला जास्त काळजी 'शंभर टक्के आयुर्वेदिक' पुड्यांची वाटते. अशा मालात सिल्डेनाफिल मिसळलेलं वेळोवेळी सापडलेलं आहे. माणूस समजतो जडीबुटी घेतोय, आणि हृदयाची गोळी चालूच. आणखी एक, ताठरता चार तासांहून जास्त राहिली तर थेट कॅज्युअल्टी. सकाळपर्यंत वाट बघू नका, कायमचं नुकसान होतं.

गावदेवी

माझे साडेआठ हजार गेले ते लिहितो, म्हणजे दुसऱ्याचे वाचतील. चॅटवर 'डॉक्टर साहेब'. नाव विचारलं तर "आमची टीम आहे". रजिस्ट्रेशन नंबर विचारला तर "आधी कोर्स बुक करा, ऑफर आज रात्रीपर्यंत". तीन महिन्यांचं किट आलं, चूर्ण, तेल आणि कॅप्सूल. फरक शून्य. परत फोन केला तर आणखी महागाचं किट घ्या म्हणाले.

नंतर वाचलं. टेलिमेडिसिनचे नियम २५ मार्च २०२०लाच आले, लॉकडाऊन सुरू झाला त्याच दिवशी. डॉक्टरने स्वतःची ओळख द्यायची, चिठ्ठीवर रजिस्ट्रेशन नंबर लिहायचा, हे त्यात स्पष्ट आहे. आणि लैंगिक शक्ती वाढवून देण्याच्या जाहिरातींवर तर १९५४च्या कायद्यानेच बंदी आहे. रुळांकडेच्या भिंतींवरच्या आणि माझ्या फोनवरच्यासुद्धा. आता दुसरीकडे व्हिडिओवर दाखवतोय. पहिल्याच कॉलला सिगारेट किती ओढता ते विचारलं. दिवसाला बारा. आता चारवर आणलीय.

आप्पा, कोपरी

वय ६७. प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन चालू आहे. ऑनलाइन डॉक्टरांनी चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं एकेक करून कॅमेऱ्यासमोर धरायला लावली. टॅम्सुलोसिन दिसल्यावर त्यांनी ताठरतेच्या गोळीची कमीत कमी डोसने सुरुवात केली आणि उठताना आधी पलंगाच्या काठावर बसायला सांगितलं, नाहीतर चक्कर येते. या वयात हे हवं कशाला, असं कुणी विचारलं तर उत्तर द्यायला मी बांधील नाही. आमची ही आहे, मी आहे.

खारघर टेकडी

प्रश्न आहे. वय ३८, रिपोर्ट सगळे नॉर्मल, सिल्डेनाफिल डॉक्टरांनीच दिलंय. दोनदा छान परिणाम झाला, रविवारी काहीच नाही. शरीराला सवय झाली का?

खाडीकाठ

रविवारी जेवायला काय होतं? मटण असेल तर तेच कारण असू शकतं. तेलकट, जड जेवणावर सिल्डेनाफिल रक्तात उशिरा उतरतं. एरवी अर्ध्या ते एक तासात परिणाम सुरू होतो. आणि गोळी घेऊन टीव्ही बघत बसलं तर आपोआप काही होत नाही, जवळीक आणि इच्छा लागतेच. तरी पुढच्या फॉलोअपला डॉक्टरांना सांगाच, स्वतः डोस वाढवू नका.

खारघर टेकडी

मटणच होतं, सासुरवाडीला. धन्यवाद दादा.

मोगरा

अबोली ताई, माझा नवरा या विषयावर एक शब्द बोलत नाही. विचारलं की उठून बाल्कनीत जातो. तुम्ही पुढे काय केलंत?

अबोली

मोगरा, मी खोका समोर धरून विचारलं, तसं तू करू नकोस. माणूस पकडला गेल्यासारखा होतो. पाचव्या दिवशी मी ह्यांना वाशीच्या मिनी सीशोअरला चालायला नेलं. शेजारी शेजारी चालताना डोळ्यांत बघावं लागत नाही, त्यामुळे बोलणं सोपं जातं. मी म्हटलं, मला राग गोळीचा नाही आला, मला भीती वाटली की तुम्ही एकटेच गेला असतात. पहिली फेरी ते गप्पच. दुसऱ्या फेरीला म्हणाले, ऑपरेशननंतर तू हात लावायलाच घाबरायला लागलीस, मला वाटलं आता तुला नकोच असेल. खरं होतं ते. मी घाबरतच होते.

परवा स्ट्रेस टेस्ट आहे. त्यानंतर कार्डिओलॉजिस्टकडे दोघं मिळून जातोय. विचारायच्या प्रश्नांची यादी ह्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलीय आणि फ्रिजवर लावलीय, मुलगा बघेल याचीही पर्वा केलेली नाही.