मॉइन-मॉइनच्या कृतीतले 'बीन्स', 'क्रेफिश' आणि 'पामतेल': मराठीत काय लिहाल?

सांडशी: नायजेरियातल्या मॉइन-मॉइनची कृती मराठीत लिहितेय. कडधान्य सोलायचं, वाटायचं, पानात बांधून वाफवायचं, असा योरुबा लोकांचा पदार्थ. बीन्स, क्रेफिश आणि पामतेल या तीन शब्दांपाशी अडलेय. शिवाय इंग्रजीत सगळे याला 'बीन पुडिंग' म्हणतात. आपल्याकडे पुडिंग म्हटलं की कॅरमेलच डोळ्यांपुढे येतं.

वाटणघाटण: सरळ चवळी लिहा. तिकडे नुसतं 'बीन्स' म्हटलं की चवळीच, आणि आपल्याकडे बीन्स म्हणजे फरसबी. वाचणारी बिचारी फरसबी वाटत बसेल. तिथे काळ्या डोळ्याची पांढरी चवळी मिळते, तशी तपकिरी, गोडसर 'ओलोयिन'ही मिळते (ओयिन म्हणजे मध). दोन्ही चालतात. फक्त 'चवळीचे दाणे' असं स्पष्ट लिहा, कारण शेंगाही चवळीच्याच, आणि चवळई ही तर माठाच्या कुळातली पालेभाजी. गोव्याचे वाचक असतील तर 'अळसांदे' हेही द्या.

खाडीकाठ: क्रेफिशचा अर्थ कोशात पाहाल तर नांग्यांचा, गोड्या पाण्यातला प्राणी सापडेल. नायजेरियाच्या बाजारात मात्र या नावाने बारीक वाळवलेली कोळंबी मिळते, स्वयंपाकात ती बहुतेक वेळा कुटून घालतात. म्हणजे आपली सुकट, सुका जवळा. 'सोडे' नका लिहू. सोडे सोललेल्या, मोठ्या कोळंबीचे. सुकट कोरडी भाजून, कुटून घातलीत तर चव बरीच जवळ जाईल (शेजाऱ्यांना आधी कल्पना द्या).

एकेकाळचा लागोसकर: सर्वात फसवा शब्द पामतेल. आपल्याकडे पामतेल म्हणजे रेशनवर मिळायचं ते शुद्ध केलेलं, फिकट, बिनवासाचं. तिथलं तेल लालभडक असतं, थंडीत थिजतं आणि त्याला स्वतःची दाट चव असते. रंग कॅरोटीनचा. म्हणून 'लाल पामतेल' असंच लिहा. नाही मिळालं तर साधं तेल घ्या, तिथेही पुष्कळ जण घेतात. हळद घालून रंग आणू नका, चव भलतीकडे जाते.

कृतीची क्रियापदंही जपून. 'रात्रभर भिजवून सोलणे' लिहिलंत तर लोक वालासारखी एकेक चवळी सोलत बसतील. तिथे दाणे दहा-पंधरा मिनिटं भिजवतात, हाताने चोळतात, पाणी ओततात; टरफलं वर तरंगतात, ती पाण्याबरोबर ओतून द्यायची. असं चार-सहा वेळा. मग पुन्हा भिजवून कांदा, लाल ढोबळी मिरची आणि जहाल 'आता रोडो' मिरचीबरोबर अगदी मऊ वाटायचं. पीठ सरसरीत हवं. घट्ट राहिलं की मॉइन-मॉइन दगड होतो. त्याच वाटणाचा अकारा (तेलात तळलेला प्रकार) करायचा तर उलट: पाणी कमीत कमी, आणि हवा भरेपर्यंत फेसायचं. सोडा लागत नाही.

सांडशी: मग अकाऱ्याला भजी म्हणू?

वाटणघाटण: वडा म्हणा. बटाट्याच्या किंवा कांद्याच्या भज्यांना बेसन लागतं, वडा भिजवून वाटलेल्या डाळीचा. मूगभजी हा नियम मोडते, ते सोडा. खरं तर 'अकारा'च ठेवा. ब्राझीलच्या बाहियात गुलाम करून नेलेल्या लोकांबरोबर तो 'अकाराजे' होऊन गेला, आणि रस्त्यावर अकाराजे विकणाऱ्या बायकांच्या त्या व्यवसायाला 2005 मध्ये तिथल्या सरकारने सांस्कृतिक वारसा म्हणून नोंदवलं. पानात वाफवलेला भाऊही तिथे आहे, त्याचं नाव अबारा.

सांडशी: आणि मॉइन-मॉइनला पानगी?

खाडीकाठ: नको हो. पानगी तव्यावर भाजतात, पानं करपेपर्यंत. पातोळ्या वाफवतात खऱ्या, पण त्या गोड. इडली-ढोकळ्याचं पीठ आंबवतात, हे आंबवत नाहीत.

एकेकाळचा लागोसकर: मूळ नावच ठेवा, आणि 'मोइन' नको, 'मॉइन'. योरुबातला तो स्वर 'ऑ'कडे झुकतो. काही जण 'मॉय-मॉय' लिहितात, तेही चूक नाही. अंडं, मासा असं सात जिन्नसांचं सारण असलं की त्याला 'एलेमी मेजे' म्हणतात, सात जीवांचा.

पानं तिथे 'एवे एरान'ची, त्यांचा द्रोण करून तोंड दुमडतात. आपल्याकडे केळीचं पान जरा शेकवून घ्या, नाहीतर दुमडताना चिरतं. हळदीचं पान घेऊ नका, त्याचा वास चवळीवर चढतो. मोदकपात्रात पाऊण ते एक तास ठेवा. सुरी कोरडी निघाली की झालं.

सांडशी: सुकट, चवळी, लाल पामतेल, सरसरीत. लिहून घेतलं. मीठ कधी घालायचं ते कुणीच सांगितलं नाही?

एकेकाळचा लागोसकर: मॉइन-मॉइनला वाटणातच. अकाऱ्याला अगदी शेवटी, तळायला बसताना. आधी घातलंत की पीठ सैल होतं.