मदत हवी आहे: हायस्कूलची २४ क्रेडिट्स आणि एक नापास सेमिस्टर. स्कूल बोर्डापुढे नेमकं काय मागावं?

नमस्कार मंडळी,

वॉशिंग्टन राज्यात मुलं हायस्कूलला असलेलं कुणी इथे आहे का? पुढच्या महिन्यात आमच्या डिस्ट्रिक्टच्या (म्हणजे इथल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या) स्कूल बोर्डाच्या बैठकीत पालकांना तीन-तीन मिनिटं बोलायला मिळणार आहेत. मी नाव दिलंय. मुद्दा पक्का करायला मदत हवी आहे.

हायस्कूल डिप्लोमासाठी राज्याला २४ क्रेडिट्स लागतात. इंग्रजी ४, गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्रं प्रत्येकी ३, बाकी कला, परकीय भाषा, आरोग्य वगैरे, आणि इलेक्टिव्ह (आवडीचे विषय) फक्त ४. आमच्या शाळेत दिवसाला सहा पिरियड, प्रत्येकाचं वर्षाला एक क्रेडिट, सेमिस्टरला अर्धं. सहा चोक चोवीस! म्हणजे चार वर्षांत एकदाही घसरायची सोय नाही.

माझी लेक नववीत अल्जेब्राच्या पहिल्या सेमिस्टरला नापास झाली. घरात आजारपण होतं, तिचं लक्षच नव्हतं. दुसऱ्या सेमिस्टरला तिने ‘बी’ ग्रेड मिळवली. यंदा दहावीत जॉमेट्रीही नीट पास झाली. तरी ते अर्धं क्रेडिट गेलं ते गेलंच.

परवा काउन्सेलरने चार वर्षांचा तक्ता पुढे ठेवला. अकरावीच्या चौकोनात पेन्सिलीने ‘ऑर्केस्ट्रा’ लिहिलं होतं. कलेची २ क्रेडिट्स झालेली, त्यामुळे ते आता इलेक्टिव्ह. त्यांनी ते खोडलं आणि वर ‘अल्जेब्रा, पहिलं सेमिस्टर’ लिहिलं. लेक काही बोलली नाही, खोडलेल्या जागेवरून नुसतं बोट फिरवत राहिली. पाचवीपासून चेलो वाजवतेय हो ती. आणि एवढं करूनही बेरीज २३.५च. उरलेलं अर्धं समर स्कूलमध्ये भरा म्हणाले.

जे गणित तिला आज येतं, तेच पुन्हा शिकायला तिने चेलो का सोडायचा?

मी शोधलं तेव्हा कळलं की पुढच्या पातळीचा कोर्स पास झाल्यावर मागचं क्रेडिट द्यायला राज्याचे नियम परवानगी देतात. क्रेडिट म्हणजे १५० तास वर्गात बसणं, ही जुनी व्याख्याही राज्याने केव्हाच काढलीय. फक्त डिस्ट्रिक्टचं तसं लेखी धोरण हवं, आणि आमच्याकडे ते नाही. मला तेच मागायचंय. कुणाच्या डिस्ट्रिक्टमध्ये असं धोरण आहे? ते मंजूर कसं झालं?

प्रतिसाद: ताई, मुलगी मराठी लिहिते-वाचते का? भाषेच्या प्रावीण्य परीक्षेवर ४ पर्यंत क्रेडिट्स मिळू शकतात, वर्गात न बसता. मराठीची परीक्षा घेता येईल का, शाळेला विचारा. शिवाय अडचणीच्या परिस्थितीत २ क्रेडिट्सपर्यंत सूट देता येते, तो अर्जही आत्ताच टाका. बोर्डापुढे मात्र तो खोडलेला तक्ता सोबत न्या.

धागाकर्ती: मनापासून आभार! बोलते तर छान, लिहिण्याचा सराव आजपासून सुरू. दोन्ही चौकशा सोमवारी करते. पण ज्या मुलांकडे दुसरी भाषा नाही, त्यांचे चौकोन असेच खोडले जाणार, म्हणून बोर्डापुढे मी जाणारच. कुणाकडे मंजूर धोरणाचा मसुदा असेल तर कृपया इथे चिकटवा.