विषय: तिकिटावरचा तपशील चुकला असेल तर तिकीट रद्द होते का?

प्रेषक: एक सभासद, एडिसन

सप्रेम नमस्कार मंडळी,

माझ्या यजमानांना वेगमर्यादा ओलांडल्याबद्दल तिकीट (पोलिसांची दंडाची नोटीस) मिळाले आहे. ताशी २५ मैलांच्या रस्त्यावर त्यांचा वेग ४१ मैल होता, असे त्यावर लिहिले आहे. मात्र आमची गाडी राखाडी रंगाची असताना तिकिटावर निळा रंग नोंदवला आहे आणि घराच्या क्रमांकातला एक आकडाही चुकला आहे. असे तिकीट कायद्याने आपोआप रद्द ठरते आणि त्याला उत्तर देण्याचीही गरज नसते, असे त्यांच्या एका सहकाऱ्याने ठामपणे सांगितले. कोर्टाची तारीख जवळ आली आहे, तरी कुणाला नेमकी माहिती असल्यास कृपया कळवावे.

प्रेषक: म्युनिसिपल कोर्टांत वकिली करणारा एक सभासद

ताई, नमस्कार.

सर्वांत आधी एक कळकळीची विनंती. त्या सहकाऱ्याच्या सांगण्यावर विसंबून कोर्टाची तारीख चुकवू नका, आणि वेग खरोखर किती होता याविषयी येथे काहीही लिहू नका, कारण ही ईमेल यादी शेकडो जण वाचतात.

न्यू जर्सीत अशा चुकांमुळे तिकीट आपोआप रद्द होत नाही. म्युनिसिपल कोर्टांच्या नियमावलीतील ७:१४-२ हा नियम न्यायाधीशांना तक्रारीतील उणीव किंवा चूक दुरुस्त करण्याची मुभा देतो. मात्र दुरुस्तीच्या नावाखाली मूळ आरोप काढून त्या जागी वेगळाच आरोप बसवता येत नाही. २००४ साली ‘स्टेट विरुद्ध फिशर’ या खटल्यात तर तिकिटावर पोलीस अधिकाऱ्याची सहीच राहून गेली होती, तरीही राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तेवढ्यावरून ते तिकीट निरर्थक ठरवले नाही.

म्हणून प्रत्येक चुकीबाबत एकच प्रश्न विचारावा: आरोप काय आहे हे समजण्यात किंवा बचावाची तयारी करण्यात तिच्यामुळे अडचण येते का? वेगाच्या तिकिटावर आरोपित वेग आणि त्या ठिकाणची वेगमर्यादा हे दोन्ही नमूद करणे न्यू जर्सीच्या वाहतूक कायद्यातील ३९:४-९९ या कलमाने आवश्यक केले आहे, त्यामुळे त्यांपैकी एखादी नोंद नसेल किंवा चुकली असेल तर हरकत घ्यायला खरा आधार मिळतो. गाडीच्या रंगाचे तसे नाही. तरीही त्याचा उपयोग आहे, तो पुरावा तपासताना. रस्त्यावर त्या वेळी बऱ्याच गाड्या असतील, तर रडारने टिपलेला वेग नेमका तुमच्याच गाडीचा होता का, हे अधिकाऱ्याला उलटतपासणीत विचारता येते, आणि तेथे चुकलेला रंग न्यायाधीशांच्या नजरेस आणून देता येतो.

घराच्या क्रमांकाची चूक मात्र तुमचेच नुकसान करील. कोर्टाची पत्रे तुमच्यापर्यंत पोहोचणार नाहीत, आणि गैरहजेरीमुळे वाहन परवाना निलंबित होण्याची वेळ येऊ शकते. हा पत्ता आजच कोर्टाच्या कार्यालयाला कळवून दुरुस्त करून घ्यावा.

मर्यादेपेक्षा १५ ते २९ मैल अधिक वेग असल्यास ४ पॉइंट्स, म्हणजे परवान्यावर नोंदले जाणारे दोषांक, लागतात. ऑनलाइन दंड भरणे म्हणजे गुन्हा कबूल करणे होय, हे ध्यानात ठेवून आधी प्रॉसिक्युटरशी (सरकारी वकिलाशी) बोलावे. पुष्कळदा तडजोडीत मूळ आरोप ३९:४-९७.२ या कलमाखाली, म्हणजे असुरक्षित वाहनचालनावर आणला जातो. त्यात पहिल्या दोन वेळा पॉइंट्स लागत नाहीत, पण दंडाखेरीज २५० डॉलरचा अधिभार भरावा लागतो.

प्रेषक: एक सभासद, जर्सी सिटी

नमस्कार,

वरील उत्तर मला पूर्ण मान्य आहे. तरी आपल्यापैकी अनेक जण गाडी घेऊन मॅनहॅटनला जातात, म्हणून थोडी भर घालतो. न्यूयॉर्क शहरातील पार्किंगच्या तिकिटाला हा नियम लागू होत नाही. तेथील वाहन व वाहतूक कायद्याच्या २३८व्या कलमानुसार गाडीचा क्रमांक, नंबर प्लेटचा प्रकार, प्लेटवर दिसणारी नोंदणीची मुदत, कंपनी किंवा मॉडेल आणि गाडीच्या बांधणीचा प्रकार हे पाच तपशील अनिवार्य आहेत, आणि त्यांतला एखादा गाळला, चुकीचा लिहिला किंवा वाचता येत नसला, तर गाडीमालकाने अर्ज केल्यावर तिकीट रद्द करावे लागते. चालक जागेवर नसताना लावलेल्या तिकिटात गाडीची ओळख हाच सारा आधार असतो, म्हणून ही कडक अट मला योग्य वाटते.

रंग या पाचांत नाही. आपल्या न्यू जर्सीच्या प्लेटवर मुदत छापलेली नसते, त्यामुळे त्या रकान्यात ‘एन/एस’, अर्थात ‘दिसत नाही’, असे लिहिलेले आढळले तर ती चूक समजू नये. मात्र सेडान गाडीला व्हॅन म्हटले असेल, तर नोंदणीपत्राची प्रत आणि गाडीचे छायाचित्र जोडून ३० दिवसांच्या आत हरकत नोंदवावी, कारण त्यानंतर दंडाची रक्कम वाढू लागते.