मायक्रोस्कोपच्या आतून धुकं: लेहला जाण्याआधी काय करू?

मुग्धा_कळवा
नमस्कार मंडळी. भूशास्त्रात पीएचडी करतेय, साचलेल्या बर्फाच्या थरांवर काम आहे. गेल्या मार्चमध्ये आम्ही स्पितीत होतो. सोबत विभागाचा हातात मावणारा स्पेक्ट्रोमीटर (बर्फावरून परतणारा प्रकाश तरंगलांबीनुसार मोजणारं यंत्र) आणि माझा फील्ड मायक्रोस्कोप. पहाटे उणे 14 ला पेटी उघडली, तर ऑब्जेक्टिव्हवर, म्हणजे नमुन्याकडच्या भिंगावर, पांढरी साय. पुसतेय, पुसतेय, जाईचना. मग लक्षात आलं, ती काचेच्या आतल्या बाजूला आहे! ऊन वर आल्यावर आपसूक गेली, दुसऱ्या पहाटे परत हजर. फोकसचं चाक तर गूळ भरल्यासारखं फिरत होतं. येत्या जानेवारीत लेहच्या पुढे जायचंय, उणे 25 धरून चाललेय. नवीन यंत्राचं नाव काढलं की सर विषय बदलतात. आहे त्यातच काही करता येईल का?

खारघरकर
सिलिका जेलच्या पुड्या टाका की पेटीत. बुटांच्या खोक्यातल्या वीसेक जमवल्यात माझ्याकडे, हव्या तर घेऊन जा :)

भिंगवाले_काका
खारघरकर, बुटाच्या खोक्यातली पुडी पहिल्या पावसातच पाणी पिऊन तृप्त झालेली असते. ती आता काय शोषणार?

मुग्धा, मी वागळे इस्टेटमध्ये 26 वर्षं ऑटो लेव्हल, थिओडोलाइट अशी जमीन मोजायची यंत्रं आणि दुर्बिणी उघडून बसतो. तुझ्या यंत्रात स्पितीचं काही शिरलेलं नाही. तूच कळव्याची हवा आत भरून वर घेऊन गेलीस. 30 अंशांना आणि 80 टक्के दमटपणाला एका घनमीटर हवेत साधारण 24 ग्रॅम पाणी वाफ होऊन बसलेलं असतं. उणे 15 ला तीच हवा जेमतेम दीड ग्रॅम धरते. बाकीचं पाणी जो भाग आधी गार पडेल त्यावर जाऊन बसतं. लिटरभर पोकळीत हा हिशोब अर्ध्या थेंबाचा आहे, पण अर्धा थेंब काचेवर पसरला तर दिसायचं बंद. मार्चात इथे एवढा दमटपणा नसतो म्हणशील. पण पेटी शेवटची बंद केली होतीस कधी?

तर आता एक कर. स्टीलचा, झाकणाला रबर असलेला डबा घे. रंग बदलणारं सिलिका जेल आण, नारिंगीचं हिरवं होतं ते. हिरवं झालं की ओव्हनमध्ये 120 अंशांना दोनेक तास भाजायचं, परत नारिंगी. यंत्राची आयपीस आणि टोप्या काढून दोन आठवडे त्यात ठेव, म्हणजे आतली हवा बदलेल. मग टोप्या लावून ताज्या जेलसकट पिशवीत बंद. नायट्रोजन भरलेलं सीलबंद यंत्र असेल तर मात्र हात लावू नकोस.

चाकाचं दुखणं ग्रीसचं. यात मी स्वतः तोंडघशी पडलोय. लेहकडच्या रस्त्याच्या कामावरची एक ऑटो लेव्हल साफ करून, नेहमीचं ग्रीस भरून दिली. इथे लोण्यासारखी फिरत होती. तिथे डिसेंबरात चाक हलेना म्हणून कोणीतरी पक्कड लावली आणि पिनियनचे, म्हणजे आतल्या छोट्या दातेरी चाकाचे, दोन दात गेले. गिऱ्हाईक परत आलं, टेबलावर यंत्र ठेवलं आणि एक शब्द बोललं नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तेव्हापासून थंडीत जाणाऱ्या यंत्राला कमी तापमानाचंच ग्रीस, आणि देण्याआधी एक रात्र पिशवीत गुंडाळून घरच्या फ्रीझरमध्ये. तो उणे 18 पर्यंतच जातो, पण खोट बहुतेक तिथेच उघडी पडते. बायको विचारते, मटार कुठे ठेवू?

पनवेलचा_पेंग्विन
अंटार्क्टिकातल्या मैत्री स्थानकावर एक हिवाळा काढलाय, त्यावरून सांगतो. काका आतल्या पाण्याचं बोलले, बाहेरचंही सांभाळा. गार यंत्र तंबूत आणलं की क्षणात घाम फुटतो. बाहेरच पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा, मग आत आणा, आणि तंबूइतकं ऊबदार होईपर्यंत उघडू नका. शक्य असेल तर यंत्र बाहेरच राहू द्या, आत फक्त बॅटऱ्या आणा. लिथियम-आयन शून्याखाली चार्ज केली तर कायमची बिघडते. एए सेल लागत असतील तर लिथियमचे घ्या, उणे 40 पर्यंत चालतात. साधे अल्कलाइन त्याच्या खूप आधी मान टाकतात.

भिंगातून बर्फाचे कण बघताना, कण ज्यावर ठेवता ती पट्टी आधी बर्फात खुपसून गार करा. नाहीतर कण टेकवल्या टेकवल्या कोपरे वितळून गोल होतात आणि तुम्ही तेच वहीत उतरवता. श्वास रोखून बघायचं, नाहीतर तोंड बाजूला करून सोडायचा.

आणि स्पेक्ट्रोमीटर. बर्फाच्या कणांचा आकार 1030 नॅनोमीटरच्या खाचेवरून (तिथे बर्फ प्रकाश जास्त शोषतो, म्हणून आलेखात खाच पडते) काढणार असाल, तर नेमका तिथेच प्रकाश टिपणारा सिलिकॉन डिटेक्टर गार झाला की मंद होतो. पांढऱ्या पट्टीचं (बर्फाशी तुलनेसाठी वापरतात ती) मोजमाप सकाळी एकदा घेऊन दिवसभर चालवलंत, तर दुपारपर्यंत खाचेची खोली बर्फामुळे की डिटेक्टरमुळे हे सांगता येणार नाही. दर काही मोजमापांनी पांढरी पट्टी आणि अंधाराचं वाचन (प्रकाश पूर्ण अडवून घेतलेलं), दोन्ही परत घ्या.

मुग्धा_कळवा
काका, पेटी सप्टेंबरमध्ये बंद केली होती. गणपती विसर्जनाच्या आदल्या दिवशी, धो धो पावसात. :( आणि पेंग्विनदादा, पांढरी पट्टी मी दिवसातून एकदाच घेत होते. गेल्या वर्षीची दुपारची मोजमापं आता बाजूलाच ठेवावी लागतील. सरांना सोमवारी सांगते. फ्रीझर आईचा आहे, तिला काय सांगू ते बघते.

भिंगवाले_काका
आईला सांग एकच रात्र. मायक्रोस्कोप शनिवारी घेऊन ये, ग्रीस मी बदलून देतो. शुक्रवारी दुकान बंद असतं. आणि येताना पेटी उघडू नकोस, आत किती पाणी आहे ते मलाही बघायचंय.