कॉलेजला जाण्याआधीच्या सहा महिन्यांत नेमकी कसली सवय करून घ्यावी?

निळीशाई:

शाळेचं शेवटचं वर्ष चालू आहे. सहा महिन्यांनी कॉलेज, आणि बहुतेक वसतिगृहात राहावं लागेल. "आता जबाबदारीने वागायचं" यापलीकडे कोणी काही सांगत नाही, म्हणून इथे विचारतो.

अभ्यासाचं असं आहे की परीक्षेआधी चार-पाच दिवस पुस्तक दोन-तीनदा वाचलं की शाळेत भागतं. कॉलेजात हे चालत नाही असं ऐकतो. का चालत नाही, आणि त्याऐवजी काय करायचं? दुसरं म्हणजे लेक्चरं दिवसाला तीन-चार तासच असतात, तरी इतके जण मागे कसे पडतात? आणि कपडे, पैसे, आजारपण यांतलं काय आधी शिकून घ्यावं?

नुसता धीर नको, कृती सांगा.

तळटीप:

पहिल्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण बाकीच्या गोष्टी महिनाभरात अंगवळणी पडतात. ही पडत नाही.

शाळेत एकच धडा तुझ्यापुढे चार वेळा येतो: शिकवताना, गृहपाठात, घटक चाचणीत आणि उजळणीत. तू परीक्षेआधी वाचतोस ते खरं तर पाचवं वाचन असतं, म्हणून भागतं. कॉलेजात लेक्चर एकदा होऊन जातं आणि पुढचं लेक्चर त्याच्यावर उभं राहतं. तिथे परीक्षेआधीचं वाचन हे पहिलंच वाचन ठरतं. तू तोच, पद्धत तीच, पण मधल्या पायऱ्या काढून घेतलेल्या.

दुसरी अडचण पुन्हा पुन्हा वाचण्यातच आहे. तिसऱ्यांदा वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो आणि ओळख पटली की आपल्याला येतं असं वाटतं. परीक्षेत मात्र ओळखायचं नसतं, आठवायचं असतं. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली यावर एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांच्या एका गटाने एक उतारा चार सत्रं वाचला. दुसऱ्या गटाने एकच सत्र वाचून पुढची तीन सत्रं न बघता आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवलं आणि लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के. शिवाय आपल्या लक्षात राहील याची जास्त खात्री वाचणाऱ्यांनाच होती. म्हणूनच ही सवय सुटत नाही.

आता कृती. एक विषय घे, आजपासून. ज्या दिवशी धडा शिकवला त्याच संध्याकाळी वही मिटून कोऱ्या कागदावर आठवेल ते लिही. पंधरा मिनिटं पुरतात. मग वही उघडून सुटलेलं आणि चुकलेलं वेगळ्या रंगाच्या शाईने त्याच कागदावर भर. पुढच्या वेळी सगळं वाचायचं नाही, फक्त त्या रंगीत जागा पुन्हा कोऱ्या कागदावर आणायच्या: दुसऱ्या दिवशी, मग तीन दिवसांनी, आठवड्याने, तीन आठवड्यांनी. हे आकडे काही दगडावरची रेघ नाहीत. अंतर वाढत गेलं पाहिजे एवढंच.

चुकतं कुठे? अर्ध्या मिनिटात आठवलं नाही की हात वहीकडे जातो. ती रखडलेली दोन मिनिटं वाया जात नाहीत, अभ्यास त्यांच्यातच होतो. तेवढी सोसायची. दुसरी चूक म्हणजे पुस्तक समोर ठेवून सुबक नोट्स काढणं; अक्षर छान येतं, डोक्यात काही राहत नाही.

गणितात याचं रूप थोडं वेगळं. सोडवलेलं उदाहरण वाचू नकोस. उत्तर कागदाने झाक आणि पहिली ओळ स्वतः मांड. अडलास तर कागद एकच ओळ खाली सरकव, पुन्हा झाक, पुढे जा. ज्या उदाहरणात कागद सरकवावा लागला ते दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून, काही न बघता.

लेक्चरच्या वहीसाठी कॉर्नेल पद्धत आत्ताच हाताखालून घाल. कॉर्नेल विद्यापीठातल्या वॉल्टर पॉक यांनी ती विद्यार्थ्यांना शिकवली. ए-४ कागदावर डावीकडे सुमारे ६ सेंमीचा पट्टा मोकळा सोड, उजवीकडच्या १५ सेंमीत लेक्चर चालू असताना लिही, खाली ५ सेंमी रिकामे ठेव. डावा पट्टा लेक्चरमध्ये भरायचा नाही. तो संध्याकाळी भरायचा, आणि त्यात मथळे नाही, प्रश्न लिहायचे. "ऑस्मॉसिस" असं लिहिलंस तर त्याचा उपयोग नाही; "पाणी या बाजूला का गेलं?" असं लिहिलंस तर उजवी बाजू हाताने झाकून उत्तर देता येतं. खालच्या जागेत पानाचा गाभा दोन ओळींत.

काटेकोर:

तळटीप यांनी सांगितलेलं मनापासून पटलं. वेळेबद्दल मी सांगतो.

लेक्चर तीन-चार तास असतं हे खरं, पण अभ्यासक्रम आखणारे फक्त तेवढे तास धरत नाहीत. अमेरिकेतल्या क्रेडिटच्या (क्रेडिट म्हणजे विषयाला लागणारं काम मोजायचं एकक) हिशेबात वर्गातल्या एका तासामागे बाहेरचे किमान दोन तास धरलेले असतात. युरोपात एका क्रेडिटमागे एकूण २५ ते ३० तासांचं काम आणि वर्षाला ६० क्रेडिट, म्हणजे १५०० ते १८०० तास. तुझी आठवड्याला १५ तास लेक्चरं असतील तर आणखी ३० तास तुझ्या नावावर आहेत, फक्त ते वेळापत्रकावर छापलेले नसतात. मागे पडणारा त्या न छापलेल्या तासांत मागे पडतो.

म्हणून पहिल्या आठवड्यात ते स्वतः छापायचे. दोन लेक्चरांमधला दीड तास हा सगळ्यात आधी वाया जाणारा वेळ. त्यावर विषयाचं नाव आणि बसण्याची जागा दोन्ही लिही. नुसतं "अभ्यास" लिहिलेला चौकोन कधीच पाळला जात नाही.

मग सगळ्या विषयांच्या तारखा एकाच कागदावर आण: तारीख, विषय, काय द्यायचं, एकूण गुणांत त्याचा वाटा किती. अशा कागदावर तीन कामं एकाच आठवड्यात आदळताना आधीच दिसतात. फोनमध्ये शेवटच्या तारखेचं स्मरण लावून काही होत नाही. ते वाजतं तेव्हा दहा तासांचं काम बाकी असतं. स्मरण सुरुवातीचं लाव. मोठ्या निबंधाला २१ दिवस आधी विषय पक्का, १४ दिवस आधी वाचून टिपणं तयार, ७ दिवस आधी कच्चा मसुदा पूर्ण, शेवटचे दोन दिवस फक्त दुरुस्तीला.

माणूस स्वतःच्या कामाचा वेळ कमी धरतो. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांचा सरासरी अंदाज ३४ दिवसांचा होता, प्रत्यक्षात लागले ५५. तुझा स्वतःचा आकडा काढ. दोन आठवडे प्रत्येक गृहपाठाआधी अंदाज लिही, नंतर खरे लागलेले तास लिही आणि भागाकार कर. उत्तर १.६ आलं तर पुढच्या प्रत्येक अंदाजाला १.६ ने गुण. हे शाळेत असतानाच करून ठेव. कॉलेजात तो आकडा पहिल्याच महिन्यात लागतो.

झोपेबद्दल एवढंच: १८ वर्षांपर्यंत ८ ते १० तास, पुढे किमान ७. झोपायची वेळ पाळणं अवघड जातं, उठायची वेळ पाळता येते. तीच धर, सुट्टीच्या दिवशीही.

ओंजळ:

एकच भर घालतो. फाइलच्या नावात "फायनल", "फायनल-२" असं लिहू नकोस. वर्ष-महिना-दिवस या क्रमाने तारीख आधी आणि मग विषय, म्हणजे फाइली आपोआप ओळीत लागतात. महत्त्वाच्या कामाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक खोलीबाहेर. लॅपटॉप आणि पेन ड्राइव्ह एकाच बॅगेत असतील तर बॅग हरवली की दोन्ही गेले.

रानवारा:

राहण्याबद्दल.

कपडे: आतल्या शिवणीजवळची पट्टी वाचायला शीक. टबच्या चित्रातला आकडा म्हणजे जास्तीत जास्त तापमान, अंश सेल्सिअसमध्ये. टबवर फुली असेल तर पाण्यात धुवायचं नाही. त्रिकोण ब्लीचचा, चौकोनात गोल हा वाळवण्याच्या मशीनचा, इस्त्रीतले ठिपके जितके जास्त तितकी इस्त्री गरम चालते. नवीन गडद कपडा धुण्याआधी पांढरी चिंधी ओली करून आतल्या शिवणीवर घास. चिंधीला रंग लागला तर तो कपडा सुरुवातीला गार पाण्यात एकटाच. मशीन ठासून भरू नये, कपड्यांच्या वर हात उभा शिरेल एवढी जागा राहू दे, कारण कपडे एकमेकांवर आपटले नाहीत तर मळ निघत नाही. साबण जास्त घातला की कपडे जास्त स्वच्छ होतात हा गैरसमज आहे. जास्तीचा साबण खळबळून निघत नाही, धाग्यात राहतो आणि कपडा कडक होतो. टॉवेल पाणी टिपेनासा झाला की समजायचं, साबण जास्त पडतोय. धुतलेले कपडे मशीनमध्ये तासन् तास पडले तर कुबट वास येतो आणि तो वाळवून जात नाही, पुन्हा धुवावेच लागतात. फोनवर गजर लाव.

पैसे: सत्राची रक्कम हातात आली की ठरलेले खर्च आधी बाजूला. उरलेल्याला आठवड्यांच्या संख्येत एक मिळवून भाग. तो जादा आठवडा अडीअडचणीला. रोजच्या खर्चाच्या खात्यात दर आठवड्याला एकच हिस्सा टाक. महिन्याचा हिशेब धरला तर चूक तीन आठवड्यांनी कळते, आठवड्याचा धरला तर सात दिवसांत. आत्तापासून छोट्या रकमेवर हे करून बघ.

आजारपण: एका कागदावर रक्तगट, कशाची ॲलर्जी, नेहमीची औषधं (कंपनीचं नाव नको, घटकाचं नाव आणि मात्रा), लसींची नोंद आणि घरचे दोन नंबर. कागदावरच, कारण फोन कुलूपबंद असतो. थर्मामीटर जवळ ठेव. आणि पॅरासिटामॉलबद्दल हे पाठच कर: प्रौढांसाठी २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर कधीही नाही, म्हणजे ५०० मिलीग्रॅमच्या आठ गोळ्या ही वरची हद्द, आणि दोन मात्रांमध्ये किमान चार तास. पाकिटावर याहून कमी लिहिलं असेल तर तेच पाळायचं. फसगत होते ती सर्दीच्या मिश्र गोळ्यांत. त्यांतही बऱ्याचदा पॅरासिटामॉल असतं आणि ते दुप्पट पोटात जातं. जास्त मात्रेने यकृताला इजा होते आणि पहिल्या दिवशी फारसं काही जाणवतही नाही. चुकून जास्त घेतलं गेलं तर बरं वाटत असलं तरी ताबडतोब दवाखाना.

निळीशाई:

सगळ्यांचे आभार. तळटीप ताई, आज इतिहासाच्या धड्यावर कोरा कागद करून बघतो. अजून एक: कॉलेजात अडलं तर प्राध्यापकांना विचारायचं कसं? मेल लिहायचा म्हटलं की काय लिहावं सुचत नाही.

तळटीप:

इतिहास चालेल, फक्त सनावळ्यांवर थांबू नकोस, "यामुळे काय झालं?" हेही कागदावर येऊ दे.

मेलमध्ये "मला हे प्रकरण समजलं नाही" असं लिहिलंस तर समोरच्याला उत्तर देताच येत नाही. आधी कुठवर समजलं ते लिहायचं आणि अडल्या जागेवर बोट ठेवायचं. विषयाच्या ओळीत विषय, वर्ग आणि शंका कशाबद्दल. मजकूर असा:

"नमस्कार मॅडम, मी प्रथम वर्षाचा विद्यार्थी, हजेरी क्रमांक अमुक. मंगळवारच्या लेक्चरमधल्या दुसऱ्या उदाहरणात तिसऱ्या ओळीपर्यंत मला जमलं. चौथ्या ओळीत चिन्ह उणे का झालं ते कळलं नाही. मी केलेली मांडणी सोबत जोडली आहे. भेटीच्या वेळेत येऊन दाखवलं तर चालेल का?"

पाच-सहा ओळी, खाली पूर्ण नाव. मांडणीचा फोटो सरळ आणि उजेडात काढ. ज्या कामाची मुदत उद्या आहे त्याची शंका आज रात्री पाठवू नकोस, किमान दोन दिवस हाताशी ठेव. याचा सराव आत्ताच शाळेतल्या एखाद्या शिक्षकांना असा एक मेल पाठवून होईल. आठवडाभरात उत्तर नाही आलं तर तोच मेल खाली ठेवून एक नम्र ओळ पाठव.