विषय: बाबांच्या गाडीतले पाणी – काच काढावी का?

नमस्कार मंडळी,
बाबांच्या २००४च्या गाडीत पुढच्या डाव्या सीटपुढे पुन्हा पाणी साचू लागले आहे. वरची रबरी मॅट कोरडी दिसते; मात्र तिच्याखालचे मॅटिंग बोटाने दाबले की पाणी वर येते, आणि सकाळी सगळ्या काचा आतून धूसर झालेल्या असतात. गॅरेजवाल्याने पुढच्या काचेच्या कडेने सिलिकॉन भरून दिले, पण त्र्यंबकला भर पावसात जाऊन आलो तर पाणी जैसे थे. आता काचच काढून नव्याने बसवू, असे तो म्हणतो. डिकीच्या गळतीवर ज्यांनी मागे लिहिले होते, त्यांनी कृपया सांगावे. नोंदणी २०२९पर्यंत वाढवून घेतलेली असल्याने ‘विकून टाका’ हा सल्ला नको.
– गंगापूर रोडहून

---

डिकीचे पत्र माझेच होते. पाणी कुठून शिरते हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय काचेला हात लावू देऊ नका. आधी बॉनेट उघडून वायपरखालची जाळी काढा. तुमची गाडी झाडाखाली उभी असते. गुलमोहराची बारीक पाने त्या जाळीतून आत पडतात, कुजून त्यांचा चिखल होतो आणि पाणी बाहेर सोडणारी टोकाची भोके बुजतात. मग साचलेले पाणी ब्लोअरच्या हवेच्या तोंडातून थेट पायांपाशी उतरते. सिलिकॉनला व्हिनेगरसारखा वास येत असेल तर तेही खरवडून काढावे, कारण ते पत्र्याला गंज आणते.

---

आमच्याकडे चालकाच्या पायाशी पाणी आले की मी आधी सनरूफच्या नळ्या आणि हीटर तपासतो. ओल बोटाला चिकट लागत असेल आणि गोडसर वास येत असेल, तर ते पावसाचे पाणी नसून कूलंट, म्हणजे हीटरमधूनही फिरणारे इंजिन थंड ठेवायचे द्रव आहे. चव घेऊन पाहू नये, ते विषारी असते. काचेवर आतून तेलकट थरही बसतो.

---

वरील पत्राबद्दल: नाशिकच्या गाडीला स्टिअरिंग उजवीकडे असते, म्हणजे डावी बाजू शेजारच्या प्रवाशाची, आणि या गाडीला सनरूफ नाही. एसीचा विचार मात्र कोणीच केलेला दिसत नाही. अशा बऱ्याच गाड्यांत कूलिंग कॉइल डॅशबोर्डमागे डावीकडेच असते. दमट हवेत एसी चालू ठेवून गाडीखाली पाणी ठिबकते का, ते पाहावे. ठिबकत नसेल तर ड्रेन पाईप तुंबला असण्याची शक्यता मोठी. त्यात तार खुपसू नये. कॉइलला भोक पडले तर खर्च कितीतरी वाढतो.

---

एसीचा मुद्दा योग्य आहे, पण त्र्यंबकचा पाऊस लागल्यावर पाणी वाढत असेल तर केवळ एसीवर थांबता येणार नाही. मी डिकीसाठी वापरलेली पद्धतच इथे लागू पडते: मॅटिंग उचलून पत्रा पुसून कोरडा करावा, आत एकाने बॅटरी घेऊन बसावे आणि दुसऱ्याने बाहेरून पाइपचे पाणी हलक्या धारेने खालून वर सोडत न्यावे, प्रत्येक ठिकाणी काही मिनिटे थांबावे. सुरुवातीलाच टपावर पाणी ओतले तर ते सगळीकडून ओघळते आणि काहीच कळत नाही. आणखी एक: दारात नवे स्पीकर बसवले आहेत का? खिडकीच्या काचेवरून दाराच्या आत पाणी उतरणे स्वाभाविक आहे. ते तळाच्या भोकांतून बाहेर पडते. डोअर पॅडमागचा (दाराच्या आतल्या आवरणामागचा) प्लास्टिकचा कागद फाटला असेल, तर तेच पाणी आत झिरपते.

---

सर्वांचे मनापासून आभार. एसीचे पाणी गाडीखाली व्यवस्थित ठिबकते आहे आणि ओलीला गोडसर वासही नाही. जाळीखाली ओंजळभर चिखल निघाला. तो काढल्यावर तिथे पाणी सोडले तरी आत थेंबही आला नाही. दाराच्या काचेवर धार धरताच मात्र डोअर पॅडच्या खालच्या कडेने बारीक ओघळ सुरू झाला. पॅड उघडले तेव्हा स्पीकरसाठी प्लास्टिकचा कागद कापून तसाच लोंबकळत सोडलेला दिसला, आणि दाराच्या तळाचे एक भोक मातीने बुजलेले होते. भोक मोकळे केले आहे, नवा जाड कागद काळ्या ब्युटाइल पट्टीने चिकटवणार आहे, आणि काच काढायची नाही असे गॅरेजला कळवले आहे.

आता अडचण मॅटिंगची आहे. त्याखालचा फोम पाणी धरून बसला असून खालच्या पत्र्यावर तांबूस गंज दिसू लागला आहे. गंज घासून प्रायमर मारण्यासाठी मॅटिंग पूर्ण बाहेर काढायचे, तर दोन्ही सीट सोडवाव्या लागतील की डावी एकच पुरेल? मिस्त्री उद्या सकाळी येणार आहे, म्हणून ज्यांनी हे काम केले आहे त्यांनी आज रात्रीच उत्तर द्यावे.
– गंगापूर रोडहून