मदत हवी आहे: ट्रान्सफर विंडो शुक्रवारी बंद होतेय, जुना क्लब सोडत नाही

आठ_नंबर (सोमवार, रात्री ११:४०)
मी फुटबॉल खेळतो, मिडफिल्डर आहे. नवीन क्लबने होकार दिलाय, पण जुना क्लब एनओसी (ना हरकत दाखला) देईना. शुक्रवारी विंडो, म्हणजे क्लब बदलायची मुदत, बंद होते. सेक्रेटरी फोन उचलत नाहीत, उचलला तर "बघू" म्हणतात. एनओसीशिवाय जाता येतं का? नक्की माहीत असेल त्यांनीच सांगा. वेळ अजिबात नाही.

नोंदणीवाला
वय किती? जुना क्लब महाराष्ट्रातलाच का? नोंदणी अमॅच्युअर म्हणून आहे की प्रोफेशनल? करारावर सही केली होती का, आणि तो कधी संपतो? एवढं कळल्याशिवाय कुणीही दिलेलं उत्तर हे अंदाजच असेल. मी एका क्लबसाठी ही नोंदणीची कामं सात वर्षं केली आहेत.

जुना_गोली
बाळा, आधी एक विचारतो. नोकरी आहे का? नसेल तर या क्लब बदलण्यात काही अर्थ नाही. आमच्या वेळी मुंबईत कंपनीचा संघ म्हणजे नोकरी. सकाळी सराव, दुपारी ऑफिस, पगार महिन्याच्या महिन्याला. आता काय उरलंय? २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकलेला महिंद्र संघ २०१० मध्ये बंद झाला. पुणे एफसी २०१५ ला गेला. डीएसके शिवाजीयन्स आणि मुंबई एफसी २०१७ च्या सुमारास. तुझा नवीन क्लब तीन वर्षांनी असेल, हे कोण सांगणार?

पंचगंगा_काठ
काका, त्यानं नोकरीचं विचारलंच नाही. एनओसीचं विचारलंय.
भावा, कोल्हापूरचा आहेस का? लिहिण्यावरून वाटतंय. कुठल्या पेठेतला?

आठ_नंबर
हो, कोल्हापूर. वय २३. जुना क्लब दुसऱ्या शहरातला आहे, नाव घेत नाही. अजून त्यांच्याकडूनच सुटायचंय. सही केली होती, तीन वर्षांपूर्वी. प्रोफेशनल की अमॅच्युअर ते माहीत नाही. त्याचा काय संबंध?

नोंदणीवाला
सगळा संबंध त्याचाच आहे. ऑल इंडिया फुटबॉल फेडरेशनच्या सीआरएसमध्ये, म्हणजे सेंट्रलाइज्ड रजिस्ट्रेशन सिस्टीममध्ये, तुझी नोंद बघ. प्रोफेशनल असशील तर मुदतीचा करार असतो आणि त्या मुदतीत क्लबचा तुझ्यावर हक्क असतो. अमॅच्युअरला असा करारच नसतो. फिफाच्या नियमात व्याख्या सरळ आहे: लेखी करार आहे आणि खेळण्याच्या खर्चापेक्षा जास्त पैसे मिळतात, तर प्रोफेशनल. बाकी सगळे अमॅच्युअर. आणि प्रोफेशनलचा करार विंडो बंद होण्याआधी संपलेला असेल, तर विंडोनंतरही त्याची नोंदणी होऊ शकते. तसं असेल तर शुक्रवारची एवढी धास्ती नको. म्हणून तारीख विचारतोय.

मांडवी
सरळ गोव्यात ये. इथे प्रोफेशनल लीग आहे, गावागावात मैदान आहे आणि लोकांना मिडफिल्डर कळतो. इथल्या धेंपो क्लबने २०१६ मध्ये आय-लीग, म्हणजे देशपातळीवरची लीग, सोडली होती. खालून पुन्हा चढत २०२४ मध्ये परत वर आले. क्लब टिकवायचा म्हणजे काय, ते इथे बघायला मिळेल.

जुना_गोली
धेंपो, साळगावकर, स्पोर्टिंग, तिघांनीही एकाच वर्षी आय-लीग सोडली होती हेही लिहा की. गोव्यातसुद्धा खेळाडू रस्त्यावर आलेच.

मांडवी
रस्त्यावर नाही आले. गोव्याची लीग चालू होती, क्लब तिच्यात खेळत होते. बंद पडणं वेगळं आणि वरच्या स्पर्धेतून बाहेर पडणं वेगळं.

आठ_नंबर
गोव्याचं नंतर बघतो. सीआरएसवर आत्ता पाहिलं. नावापुढे जुन्या क्लबचं नाव आणि अमॅच्युअर लिहिलंय. म्हणजे मी मोकळा का?

शनिवार_वकील
थांबा, एवढ्यात मोकळा म्हणू नका. सही कशावर केली होती? स्टँप पेपर होता का? प्रत तुमच्याकडे आहे का? सही केली तेव्हा घरचं कुणी सोबत होतं का?

आठ_नंबर
स्टँप पेपर होता. दोन पानं, इंग्रजीत. प्रत दिली नाही, मी मागितली पण नाही. वीस वर्षांचा होतो, पहिल्यांदाच कुणीतरी पैसे देतो म्हणत होतं. महिना आठ हजार आणि राहायची सोय. पहिल्या सिझनला मिळाले. नंतर कधी मिळाले, कधी नाही. शेवटचे तीन महिने काहीच नाही. आता म्हणतात तुझ्यावर खर्च केलाय, ५० हजार भर आणि एनओसी घेऊन जा.

पंचगंगा_काठ
हे पहिल्याच पोस्टमध्ये सांगायला हवं होतंस की! तीन महिन्यांचे त्यांच्याकडूनच येणं आहे आणि वर तेच तुझ्याकडे मागतायत?

नोंदणीवाला
आता चित्र स्पष्ट झालं. त्यांनी तुला पगार कबूल केला, कागदावर सही घेतली, पण फेडरेशनकडे अमॅच्युअर म्हणून नोंदवलं. प्रोफेशनलचा करार सीआरएसवर चढवावा लागतो, तो चढवलेलाच दिसत नाही. ही दोन तोंडं एकाच वेळी चालत नाहीत. अमॅच्युअर असशील तर ५० हजार कशाचे? प्रोफेशनल असशील तर करार दाखवा आणि आधी थकलेला पगार द्या.
पैसे अजिबात देऊ नकोस. कुणाच्या हातात रोख तर नाहीच.

शनिवार_वकील
मुद्दा बरोबर आहे, पण तो स्टँप पेपर कुठेतरी आहे. त्यात काय लिहिलंय ते न वाचता "काही बंधन नाही" असं मी तरी सांगणार नाही. आज रात्रीच क्लबला ईमेल करा. तीन गोष्टी लिहा: सही केलेल्या कागदाची प्रत द्या, थकलेल्या तीन महिन्यांचा हिशोब द्या, ५० हजार कोणत्या कलमाखाली मागताय ते लेखी कळवा. या ईमेलची प्रत राज्य संघटनेला, म्हणजे विफाला पाठवा. फोनवर बोलू नका. फोनवरचं "बघू" पुढे कुणाला दाखवता येत नाही.

पन्हाळा_आई
मध्येच विचारते, माफ करा. माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे, तोही मधल्या फळीत खेळतो. बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनीची निवड कशी होते? एका खासगी अकादमीवाल्याने दोन लाख सांगितलेत.

पंचगंगा_काठ
ताई, अनिकेत जाधव आपल्या कोल्हापूरचाच. प्रबोधिनीतून गेला आणि २०१७ चा सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप भारताकडून खेळला. दोन लाख भरण्याआधी जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या ऑफिसात जाऊन निवड चाचणीच्या तारखा विचारा. वेगळा धागा काढा, मी तिथे सविस्तर लिहितो.
आणि गोली काका, निखिल कदमही आपलाच. शिवाजीयन्सला होता. तो क्लब बंद पडला, पण हा मोहन बागानला खेळला. क्लब गेला म्हणून खेळाडू संपत नाही.

जुना_गोली
दोन नावं सांगितलीस. केएसएच्या, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या, वरिष्ठ गटात १६ संघ आहेत, प्रत्येकात वीस-पंचवीस पोरं धर. दर वर्षी एवढी पोरं शाहू स्टेडियमवर उतरतात. त्यातली दोन. बाकीच्यांचं काय, तेवढंच मी विचारतोय. मी स्वतः गुडघा गेल्यावर दोन वर्षं घरी होतो. घरात पगार येत होता म्हणून निभावलं. राज्य सरकारच्या भरतीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. त्यासाठी ठरलेल्या राज्य आणि राष्ट्रीय स्पर्धांची प्रमाणपत्रं लागतात आणि ती क्रीडा उपसंचालकांकडून पडताळून घ्यावी लागतात. पेठेतल्या तालीम संघांच्या स्पर्धेतल्या सामनावीराच्या ढाली तिथे चालत नाहीत. २३ म्हणजे आत्ताच हे बघायचं वय. २८ ला उशीर होतो.

पंचगंगा_काठ
हे पटलं. पण नोकरी बघत खेळता येतंच की.

कूपरेज_रोड
नवीन क्लब किती देतोय? आणि तुला नक्की कुठल्या जागेवर घेतायत? मिडफिल्डर म्हणजे सहा नंबर (बचावाच्या पुढ्यात) की आठ नंबर (त्याच्या पुढे)? खालच्या लीगमध्ये बाहेरच्या खेळाडूला बहुतेक स्ट्रायकर नाहीतर स्टॉपर (मधला बचावपटू) म्हणून घेतात. मधल्या पोराला बोलावून बेंचवर बसवतात. मी हे दोनदा भोगलंय.

आठ_नंबर
बारा हजार, राहणं आणि जेवण. राज्याच्या लीगमध्ये आहेत, पुढे आय-लीग ३ साठी प्रयत्न करणार आहेत. लेखी देतो म्हणालेत.
ट्रायलला आठ नंबरवर सुरुवात केली, मग कोचनी सहावर खाली आणलं. ३५ मिनिटं खेळवलं. गोल नाही, असिस्ट नाही. मला वाटलं गेलं. नंतर ते म्हणाले, चेंडू यायच्या आधी तू दोन्ही खांद्यांवरून बघतोस, हे शिकवून येत नाही. हे मला आजपर्यंत कुणीही म्हटलं नव्हतं. स्ट्रायकरची क्लिप असते, गोल दिसतो. माझ्यासारख्याची क्लिप कशाची काढायची? मागच्या क्लबात असताना चार ठिकाणी व्हिडिओ पाठवले, एकाचंही उत्तर आलं नाही. म्हणून हा नवीन क्लब सोडायचा नाहीये मला.

कूपरेज_रोड
मग जा. बारा हजार कमीच आहेत, पण असं बघणारा कोच खालच्या लीगमध्ये रोज भेटत नाही. क्लिपचं म्हणशील तर गोलचे तुकडे जोडू नकोस. एक अख्खा हाफ उंचावरून, न कापता शूट करून घे. मधल्या खेळाडूचं काम चेंडू जवळ नसताना दिसतं.

टर्फ_नको
नवीन क्लबचं मैदान गवताचं आहे की टर्फ? टर्फ असेल तर लांब स्टड घालू नकोस, पाय अडकून गुडघा फिरतो. माझं लिगामेंट तसंच गेलं. नऊ महिने.

मांडवी
चांगल्या टर्फवर काही होत नाही. कोल्हापुरात चिखलात खेळतात तेव्हा गुडघे जात नाहीत का?

पंचगंगा_काठ
शाहू स्टेडियमवर लीग पावसाळ्यात होत नाही. हिवाळा-उन्हाळ्यात होते. चिखल कुठला? न बघता लिहू नका.

नोंदणीवाला
मैदानाचं नंतर. आठ_नंबर, दोन गोष्टी राहिल्यात. नवीन क्लबने सीआरएसवर तुझी विनंती टाकलीय का? ती त्यांनीच टाकायची असते. तू एनओसीच्या मागे फिरत बसशील आणि तिकडे अर्जच गेलेला नसेल, असं मी कितीतरी वेळा पाहिलंय. दुसरं, या सिझनमध्ये आणखी कुठे खेळलास? एका सिझनमध्ये तीन क्लबांकडे नोंदणी होऊ शकते, पण अधिकृत सामने दोनच क्लबांकडून खेळता येतात.

आठ_नंबर
या सिझनला कुठेच नाही. तालमीकडून खेळलो ते गेल्या वर्षी. अर्जाचं सकाळी विचारतो.

आठ_नंबर (मंगळवार, दुपारी १:१५)
अर्ज टाकलेलाच नव्हता. त्यांचा माणूस माझ्या एनओसीची वाट बघत होता आणि मी इकडे रडत होतो. आज सकाळी टाकला. ईमेल रात्रीच केला होता, वकील साहेबांनी सांगितलं तसा, विफाला प्रत लावून. अकरा वाजता सेक्रेटरींचा स्वतःहून फोन आला. म्हणाले संघटनेपर्यंत कशाला गेलास, येऊन बस, बोलून मिटवू. मी म्हटलं लेखी पाठवा. हात थरथरत होता माझा. जाऊन भेटू का?

शनिवार_वकील
भेटायला हरकत नाही, पण एकटे जाऊ नका आणि तिथे कशावरही सही करू नका. "सगळा हिशोब मिळाला" असं लिहिलेला कागद पुढे करतील, तो तर नाहीच. शुक्रवारपर्यंत लेखी काही आलं नाही तर त्यांच्या फोनची तारीख-वेळ लिहून विफाला दुसरा ईमेल करा. खेळाडूंची संघटना आहे, एफपीएआय, त्यांनाही कळवा. थकलेल्या पगारासाठी त्यांच्याशी बोलणं योग्य.

जुना_गोली
तो क्लब माझ्याच शहरातला आहे की काय ते बघू. मला खाजगी संदेशात शहराचं नाव कळव. जवळ असेन तर मी येतो सोबत. पांढरे केस बघून माणसं जरा नीट बोलतात.

आठ_नंबर
काका, पाठवलंय नाव.

नोंदणीवाला
सीआरएसवर अर्जाची स्थिती काय दाखवतंय?

आठ_नंबर
पेंडिंग.

पन्हाळा_आई
वेगळा धागा काढलाय. पंचगंगा_काठ, वेळ मिळेल तेव्हा तिकडे या. आणि आठ_नंबर, माझ्या मुलाने तुमचं ते खांद्यावरून बघायचं वाचलं. संध्याकाळपासून अंगणात तेच करतोय.